समुद्राचा हिशेब ठेवणारी बाई

गेल्या मे महिन्यात माझी नात आपल्या आजोळहून, मालवणहून, परत आली ती एक मोठी बरणी छातीशी धरूनच. मला वाटले, आंब्याचे लोणचे असेल, नाहीतर कोकमे तरी. पण निघाले काय, तर शिंपले! लहान, मोठे, पांढरे, गुलाबी, रेघारेघांचे. काही अख्खे, काही फुटके. सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला, कारण दोन-चार शिंपल्यांत त्यांचे मूळ मालक अजून शिल्लक होते आणि त्यांचा वास घरभर पसरू लागला होता.

बरणी गॅलरीत गेली. नातीचा प्रश्न मात्र गॅलरीत जाईना.

"आजोबा, शिंपले कशाचे करतात?"

मी चौतीस वर्षे एका शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे. असा प्रश्न आयता समोर आला की निवृत्त मास्तराच्या अंगात जुना संचार होतो. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून पानाचा चुना आणला, तो पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरची नितळ निवळी एका काचेच्या पेल्यात काढली. नातीच्या हातात सरबताची नळी दिली आणि म्हटले, "यात फुंकर घाल. पण पाणी ओढायचे नाही हं!"

तिने गाल फुगवून फुंकर घातली. बघता बघता नितळ पाणी दुधासारखे पांढरे झाले. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "हाच तुझा शिंपला! तुझ्या श्वासातला वायू आणि पाण्यातला चुना यांचे लग्न लागले, की हा पांढरा पदार्थ होतो. समुद्रातला जीव असाच पदार्थ जमवून आपले घर बांधतो."

एवढे सांगून मी वर्तमानपत्राकडे वळलो. पण मुलांना थांबायचे कुठे ठाऊक असते? ती आपली फुंकतच राहिली. पाच-दहा मिनिटांनी तिची हाक आली, "आजोबा, दूध गेलं!"

पेल्यातले पाणी पुन्हा नितळ झाले होते.

यात चमत्कार काही नाही; पाठ्यपुस्तकात तो लिहिलेला असतो. वायू थोडा मिळाला तर चुन्यापासून पांढरा कार्बोनेट बनतो. वायू फार झाला तर तोच कार्बोनेट पुन्हा विरघळून जातो. पण चौतीस वर्षांत मी वर्गाला नेहमी दुधापाशीच थांबवत असे. पुढचे वाक्य फळ्यावर लिहून देई आणि तोवर घंटा होई. त्या दिवशी नातीच्या हातातला रिकामा भासणारा पेला पाहिला आणि मला एका जपानी बाईंची आठवण झाली. पेल्यातल्या याच देण्याघेण्याचा हिशेब त्यांनी साऱ्या पॅसिफिक महासागरासाठी मांडला होता. त्यांचे नाव कात्सुको सारुहाशी.

खिडकीवरचा पाऊस

या बाईंची आणि माझी ओळख झाली ती २०१८ सालच्या मार्चमध्ये. चिरंजीव संगणकावर काही शोधत होते. त्या दिवशी गूगलच्या पहिल्या पानावर एका जपानी स्त्रीचे चित्र होते. "बाबा, ही तुमच्याच धंद्यातली दिसते. केमिस्ट्रीवाली!" असे म्हणून त्यांनी मला हाक मारली. २२ मार्च हा बाईंचा जन्मदिवस. त्यानंतर त्यांच्याविषयी जे जे हाती लागले ते मी वाचत गेलो, आणि प्रत्येक वेळी वाटत गेले, ही हकीगत आपल्या घराघरांत वाचली जायला हवी.

कात्सुकोचा जन्म १९२० साली टोकियोत झाला. प्राथमिक शाळेत असताना वर्गाच्या खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे थेंब ती पाहत बसे. पाऊस मुळात पडतो तरी कशामुळे, हा प्रश्न तिच्या मनात तेव्हा आला. पावसाकडे पाहत बसणारी मुले प्रत्येक शाळेत असतात आणि प्रत्येक मास्तर त्यांना "लक्ष कुठे आहे?" म्हणून दटावतो. या मुलीचे लक्ष मात्र पुढची साठ वर्षे पाण्यातच राहिले.

शाळा संपल्यावर ती एका विमा कंपनीत नोकरीला लागली. पगार बरा, काम बसून करायचे. मध्यमवर्गीय आईबापांना आणखी काय हवे? पण एकविसाव्या वर्षी तिने ती नोकरी सोडून पुन्हा शिकायचे ठरवले. आईवडिलांची समजूत घातली. तिची पहिली ओढ वैद्यकाची होती, म्हणून स्त्रियांच्या एका वैद्यकीय विद्यालयात ती मुलाखतीला गेली. मुलाखत घेणाऱ्या बाई त्या काळातल्या नामवंत डॉक्टर. कात्सुकोने मनापासून सांगितले, की खूप अभ्यास करून मला तुमच्यासारखे व्हायचे आहे. त्यावर त्या बाई हसल्या. माझ्यासारखे होणे इतके का सोपे आहे, अशा अर्थाचे काहीतरी बोलल्या. जिच्याकडे आदर्श म्हणून पाहत आलो तीच हसते, हे त्या मुलीच्या जिवाला लागले. तिने तो मार्गच सोडला आणि स्त्रियांसाठी नव्यानेच निघालेल्या एका विज्ञान महाविद्यालयात नाव घातले.

ही हकीगत प्रथम वाचली तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. कारण तसाच एक हसू माझ्या खात्यावर आहे.

साल १९७८ असावे. नववीचा वर्ग घेऊन मी मुंबईच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो होतो. एका मोठ्या नाल्याचे काळे पाणी समुद्राला मिळत होते. एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, माझ्याजवळ येऊन म्हणाली, "सर, या पाण्याचं पुढं काय होतं?" मी मोठ्याने हसलो. म्हणालो, "अगं, एवढा समुद्र! त्याला काय फरक पडतो? हत्तीच्या पाठीवर माशी!" सारा वर्ग हसला. ती मुलगी मागे सरकली आणि मॅट्रिक होईपर्यंत तिने मला पुन्हा प्रश्न विचारला नाही. तिचा प्रश्न शंभर नंबरी होता आणि माझे उत्तर चूक होते, हे मला सारुहाशीबाईंनी शिकवले. तेही मी पेन्शनीत निघाल्यावर!

तीन सोंगांचा वायू

१९४३ साली पदवी घेऊन सारुहाशीबाई जपानच्या हवामान खात्याच्या संशोधन विभागात आल्या. तेथे त्यांना यासुओ मियाके हे गुरू लाभले. मियाके हे भूरसायनाचे मोठे अभ्यासक. पाऊस, नद्या, समुद्र, खडक यांच्यामध्ये पदार्थांची जी देवघेव चालते, तिचे हे शास्त्र. युद्धाने टोकियो बेचिराख झालेले, खायची भ्रांत, प्रयोगशाळेत उपकरणांची वानवा. अशा दिवसांत हे काम उभे राहिले.

१९५० मध्ये मियाके यांनी त्यांच्यापुढे एक काम ठेवले: समुद्राच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे ते मोजा. (आमच्या वेळच्या पुस्तकांत याला कर्बद्विप्राणिल वायू म्हणत. हल्लीची मुले त्या नावाला हसतात, म्हणून मीही सुटसुटीत नाव घेतो.) आज या वायूचे नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा समुद्रातल्या या वायूकडे फारसे कुणी पाहत नव्हते. मोजण्याच्या रीतीही धड तयार नव्हत्या. बाईंना बऱ्याचशा आपल्या आपणच बसवाव्या लागल्या.

मोजण्यात अडचण काय, ते थोडक्यात सांगतो. साखर पाण्यात टाकली तर ती साखरच राहते. हा वायू मात्र सोंगाड्या आहे. समुद्रात शिरला की त्याचा थोडासा भाग वायू म्हणूनच विरघळून राहतो. फार मोठा भाग बायकार्बोनेट होतो, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातला जो अंश तोच. आणि उरलेला कार्बोनेट होतो, ज्यापासून शिंपले, शंख आणि प्रवाळ बनतात. पृष्ठभागावरच्या पाण्यात शंभरातले सुमारे नव्वद भाग बायकार्बोनेटचे, नऊ-दहा कार्बोनेटचे आणि जेमतेम एक भाग मोकळ्या वायूचा असतो. पण हे प्रमाण कायमचे नव्हे. पाणी तापले, गार झाले, खारेपणा बदलला, आम्लता बदलली की तिन्ही सोंगे आपापसांत वेष बदलतात. मग बोटीवरच्या माणसाने बाटलीभर पाणी काढून त्यात कोणते सोंग किती आहे, हे ओळखावे कसे?

सारुहाशीबाईंनी यावर एक कोष्टक तयार केले. पाण्याचे तापमान, त्यातल्या क्लोराइडवरून कळणारा खारेपणा आणि आम्लतेचा आकडा एवढे हाती असले, की कोष्टकात पाहून तिन्ही रूपांची वाटणी काढता येई. माझ्या वयाच्या वाचकांना लॉगॅरिथमचे पुस्तक आठवत असेल. गणकयंत्र घरोघरी येण्यापूर्वी आमची सारी गणिते त्या पिवळट पानांवर चालत. सागरशास्त्रज्ञांचे लॉगॅरिथम म्हणजे हे 'सारुहाशी कोष्टक'. ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि संगणकाने ते काम हाती घेईपर्यंत, सुमारे तीस वर्षे, जगभरचे संशोधक ते वापरत राहिले.

याच विषयावर, म्हणजे नैसर्गिक पाण्यातल्या कार्बनी पदार्थांच्या वागणुकीवर, प्रबंध लिहून १९५७ साली त्या टोकियो विद्यापीठाच्या रसायनशास्त्रातल्या डॉक्टर झाल्या. त्या विद्यापीठात या विषयाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

परंतु कोष्टक छापले जाण्याच्या आधीच एका घटनेने त्यांच्या कामाची दिशा बदलून टाकली होती.

पांढरी राख

१ मार्च १९५४. पॅसिफिकमधल्या बिकिनी नावाच्या प्रवाळबेटावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबचा प्रयोग केला. अपेक्षेपेक्षा स्फोट कितीतरी मोठा झाला. हिरोशिमावरच्या बाँबच्या सुमारे हजारपट. त्या वेळी बेटापासून दीडशे किलोमीटरांहून दूर एक जपानी मच्छीमार बोट टूना मासे पकडत होती. टूना म्हणजे आपल्या कोकणातला कुपा. बोटीचे नाव 'दाइगो फुकुर्यू मारू', म्हणजे 'पाचवा भाग्यवान ड्रॅगन'. नावातले भाग्य त्या दिवशी कामी आले नाही. स्फोटानंतर काही तासांनी बोटीवर पांढरी राख पडू लागली. तेवीस खलाशांच्या केसांवर, अंगावर, जाळ्यांवर ती साचली. ही राख कशाची होती? बेटाच्या प्रवाळाची! शिंपल्याचा तो सख्खा भाऊ. तोच कॅल्शियम कार्बोनेट, आगीने भाजलेला आणि किरणोत्सर्गाने विषारी झालेला.

१४ मार्चला बोट याइझू बंदराला लागली तेव्हा सारे खलाशी आजारी होते. त्यांच्यापैकी बिनतारी यंत्रचालक आयकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारला. जपानभर हाहाकार उडाला. वृत्तपत्रांनी त्या राखेला 'मृत्यूची राख' म्हटले. बंदराबंदरांत गायगर यंत्रे लावून मासे तपासू लागले आणि टूनाचे ढीग जमिनीत पुरावे लागले किंवा समुद्रात टाकावे लागले. ज्या देशात भाताबरोबर मासा हे रोजचे अन्न, तेथे गृहिणींनी मासळीबाजाराकडे पाठ फिरवली. आपल्या लोकसभेतही त्याचे पडसाद उमटले. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी असे प्रयोग थांबवण्याचा करार व्हावा, अशी सूचना मांडली.

जपानने 'शुनकोत्सु मारू' नावाचे जहाज त्याच वर्षी शास्त्रज्ञांना घेऊन बिकिनीच्या पाण्याकडे धाडले. त्यांना काय आढळले? पाणी दूषित होते, पाण्यात तरंगणारे प्लवक नावाचे सूक्ष्म जीव दूषित होते, त्या जीवांवर जगणारे मासे दूषित होते.

येथे रसायनशास्त्र आणि जीवसृष्टी यांची गाठ पडते. बाँबच्या कचऱ्यात सीझियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे किरणोत्सर्गी प्रकार असतात. सीझियम हे पोटॅशियमच्या गोत्रातले आणि स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमच्या. शरीर बिचारे गोत्र पाहते, नाव पाहत नाही. म्हणून सीझियम पोटॅशियमच्या वाटेने मांसात शिरते आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या वाटेने हाडांत जाऊन बसते. पाण्यात जे अगदी विरळ असते, ते जीवांच्या अंगात साचत जाते. दोघांचीही शक्ती निम्मी व्हायला तीस वर्षांच्या आसपास काळ लागतो. म्हणजे आज पाण्यात पडलेला कण नातवंडांच्या ताटापर्यंत टिकून राहू शकतो.

मियाके आणि सारुहाशी यांच्याकडे प्रश्न आला: पावसातून आणि समुद्रातून हा कचरा किती येतो आणि कोठून येतो? मोजणे किती कठीण होते, याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण देतो. हजार लिटर समुद्राच्या पाण्यात साधे क्षार सुमारे पस्तीस किलो असतात. त्यात हे सीझियम असते ते एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही कमी! पोत्यातल्या तांदळात एक खडा शोधणारी आपली गृहिणी या कामापुढे सुखी म्हणायची.

हिशेबातून जे निघाले, ते साऱ्यांच्या समजुतीला धक्का देणारे होते. समजूत अशी, की एवढ्या अफाट समुद्रात हा कचरा सगळीकडे सारखा पसरेल आणि नाहीसा होईल. अगदी माझ्या हत्तीच्या पाठीवरच्या माशीसारखा! पण समुद्र म्हणजे ढवळलेले सरबत नव्हे. बादलीत गार पाण्यावर हलकेच गरम पाणी ओतले तर ते बराच वेळ वरच राहते. तसा समुद्राचा वरचा उबदार थर खालच्या गार थरात सहजी मिसळत नाही. त्या वरच्या थरात प्रवाह वाहतात. बिकिनीचे पाणी पश्चिमेकडे वाहत जाऊन मग जपानच्या किनाऱ्याने उत्तरेला वळणाऱ्या प्रवाहाला मिळाले. दीड वर्षाच्या आत तो कचरा समुद्रमार्गे जपानच्या दाराशी आला. पुढे १९६९ पर्यंत त्याचा माग साऱ्या पॅसिफिकमध्ये लागला.

परक्या प्रयोगशाळेत परीक्षा

जपानजवळच्या पाण्यात जे आकडे मियाके आणि सारुहाशी यांना मिळत होते, ते अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांना मिळालेल्या आकड्यांहून कितीतरी मोठे होते. साहजिकच अमेरिकेतल्या काही शास्त्रज्ञांना शंका आली, की जपान्यांच्या मोजण्यातच चूक असावी. ही नुसती शास्त्रीय कुरबूर नव्हती. जपानी आकडे खरे असतील तर 'समुद्र सारे पोटात घालतो' हे म्हणणे खोटे पडत होते, आणि बाँबचे प्रयोग तर चालूच होते.

वादाचा निकाल लावायची रीत शास्त्रात एकच. एकच पाणी दोघांनी आपापल्या पद्धतीने तपासायचे आणि आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. १९६२ साली सारुहाशीबाई कॅलिफोर्नियातल्या ला होया येथील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत गेल्या. त्यांच्यासमोर होते सीझियम मोजण्यात मुरलेले थिओडोर फॉल्सम. बाईंचे वय बेचाळीस. परका देश, परकी भाषा, त्यातून युद्धात हरलेल्या देशाची स्त्री. आपण आपल्या घरातली एखादी आत्या किंवा मावशी डोळ्यांपुढे आणावी. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याच्या भांड्यांत, दहा डोळे रोखलेले असताना तिला पुरण शिजवून दाखवायचे आहे, आणि ते जमले नाही तर सबंध माहेराची नाचक्की!

काही महिने काम चालले. शेवटी दोघांचे आकडे ताडून पाहिले तेव्हा त्यांत दहा टक्क्यांहून अधिक अंतर नव्हते. इतक्या सूक्ष्म मोजणीत हे अंतर म्हणजे नसल्यासारखेच. १९६३ मध्ये फॉल्सम आणि सारुहाशी या दोन नावांनी तो निबंध एकत्र प्रसिद्ध झाला. प्रतिस्पर्धी एका पानावर आले! दोन्ही किनाऱ्यांवरचे आकडे वेगळे होते याचे कारण चुकीची मोजणी नसून समुद्राचे प्रवाह होते, हे आता मान्य करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, अवकाशात आणि पाण्याखाली अण्वस्त्रांचे प्रयोग न करण्याच्या करारावर सह्या केल्या. आपल्या देशाचीही त्यावर त्याच महिन्यात सही झाली. एका बाईने हा करार घडवून आणला असे म्हणणे म्हणजे अतिशयोक्ती होईल. त्यामागे अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांचे काम होते, खलाशांचे हाल होते, लाखो आयांचा धाक होता. पण धाक नुसता बोलून दाखवता येतो. तो सिद्ध करायला आकडे लागतात, आणि शंका घेणाऱ्याच्या घरी जाऊन ते टिकवून दाखवावे लागतात. सारुहाशीबाईंनी हे काम केले.

उरलेला हिशेब

पुढची वर्षे मानाची गेली. १९७९ मध्ये त्या आपल्या भूरसायन प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. १९८० मध्ये जपानच्या विज्ञान परिषदेवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतर माणसे बंगला बांधतात, तीर्थयात्रा करतात, निदान माझ्यासारखी गॅलरीत बसून वर्तमानपत्र तरी वाचतात. बाईंनी आपल्या पदरचा निधी घालून एक संस्था उभी केली आणि १९८१ पासून दर वर्षी पन्नास वर्षांखालच्या एका जपानी स्त्री-शास्त्रज्ञाला 'सारुहाशी पारितोषिक' मिळू लागले. पहिले मानकरीपण अनुवंशशास्त्रातल्या तोमोको ओता यांना मिळाले. मुलाखतीत कुणाच्या हसण्याने परत फिरलेल्या त्या मुलीने पुढच्या मुलींसाठी दार उघडून धरले, ही गोष्ट मला त्यांच्या कोष्टकाइतकीच मोलाची वाटते. १९८५ मध्ये त्यांना त्यांच्याच गुरूंच्या नावाचे भूरसायनाचे मियाके पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच स्त्री. आणि पावसाने त्यांना शेवटपर्यंत सोडले नाही. उतारवयात त्यांनी आम्लपर्जन्याचा अभ्यास केला. २९ सप्टेंबर २००७ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्या वारल्या.

त्यांच्या पहिल्या हिशेबाचे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. आपण जाळलेला कोळसा, पेट्रोल, डिझेल यांतून जो कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. हे त्याचे आपल्यावर उपकारच आहेत. पण तो नवा वायू पाण्यात शिरून काय करतो? कार्बोनेटला गाठतो, आणि दोघांचे मिळून बायकार्बोनेट होते. म्हणजे शिंपले बांधायची वीटच पाण्यातून कमी होत जाते आणि आम्लता वाढते. औद्योगिक युग सुरू झाल्यापासून समुद्राच्या वरच्या पाण्यातली आम्लता सुमारे तीस टक्क्यांपर्यंत वाढली आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर २००७-०८ च्या सुमारास कालवांची पैदास करणाऱ्या केंद्रांत पिल्ले धडाधड मरू लागली. शोध घेता कारण सापडले ते खोलातून वर आलेल्या अधिक आम्ल पाण्यात. कालवांच्या त्या इवल्या पिल्लांना पहिले कवचच नीट बांधता येईना. समुद्र आम्ल होतो म्हणजे तो लिंबाचा रस होतो असे नव्हे. तो अजूनही अल्कधर्मीच आहे. पण घर बांधणाऱ्या जिवाला वीट महाग झाली, एवढे खरे.

सारुहाशीबाईंनी १९५० साली, कुणी विचारत नसताना, जो वायू मोजायला घेतला होता तोच हा. आज जगभर जहाजांवरून आणि समुद्रात तरंगत्या यंत्रांवरून त्या तीन सोंगांवर रात्रंदिवस पहारा आहे. कोष्टकाची जागा संगणकाने घेतली. हिशेब मात्र तोच चालू आहे.

मे महिन्यातल्या त्या सकाळी हे सारे मी नातीला सांगितले नाही. ती आहे आठ वर्षांची. बाईंची गोष्ट मात्र सांगितली: खिडकीवरचा पाऊस, पांढरी राख, परक्या देशातली परीक्षा. तिने सारे ऐकून घेतले आणि रिकाम्या भासणाऱ्या पेल्याकडे बोट दाखवून विचारले, "मग आजोबा, मालवणच्या समुद्रातले शिंपलेपण असे जाणार का?"

माझ्या ओठांवर जुने उत्तर आले होते: अगं, एवढा समुद्र! पण मला नाल्याकाठची ती मुलगी आठवली. आज ती साठीची झाली असेल. हा लेख तिच्या वाचनात आला, तर तिच्या मास्तराने तिची माफी मागितली आहे असे तिने समजावे.

नातीला मी म्हणालो, "मला माहीत नाही. मोजावं लागेल."

"कोण मोजणार?"

तेवढ्यात आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, माझा काचेचा पेला कुठे आहे? आणि ती शिंपल्यांची बरणी आज धुतली नाही, तर मी ती खाली फेकणार आहे!"

आम्ही दोघे मुकाट्याने उठलो. नातीने बरणी घेतली, मी पेला. मोरीत बसून तिने एकेक शिंपला धुतला, पुसला, आणि वहीत त्यांची मोजदाद लिहून ठेवली. एकूण त्र्याऐंशी भरले.